विहिरीवालं गाणं

आधी माफी. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर हात पिठात. माझ्या मुलीच्या, सोनीच्या, जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, ती वाया जाऊ नयेत म्हणून लिहायला बसले, असं मी स्वतःला सांगितलं आहे. कुणाला दाखवणार नाही. तरी कुणाच्या हातात पडलीच, तर चुका सांभाळून घ्याव्यात. आम्ही बोलतो अहिराणी; पण पेन हातात आलं की शाळेतली भाषा येते, पाहुणे आल्यावर चांगली चादर काढावी तशी. आप्पांचं बोलणं मात्र मी आहे तसंच ठेवणार आहे. चादरीखाली आप्पा मावणार नाहीत.

आप्पा म्हणजे माझे घरमालक. विसरवाडीला हायवेवर त्यांचं पंक्चरचं दुकान, दुकानामागे घर आणि घरामागे पत्र्याची एक खोली. सोनीचे वडील ऊसतोडीला गुजरातेत गेले आणि तिकडेच तापाने गेले. सासरी माझं जमलं नाही. माहेरी धानोऱ्याला भाऊ चांगला, पण त्याचं घर लहान. हायवेवरच्या एका हॉटेलात भाकरी थापायचं काम मिळालं, आणि हॉटेलवाल्यानेच ही खोली दाखवली. दाखवताना म्हणाला, "खोली चांगली शे, ताई. भाडं बी कमी शे. फक्त सकायले जरासा त्रास शे."

काय त्रास, ते त्याने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना फळीवरची ताटली थरथरत कडेला आली आणि खाली पडली, तेव्हा कळलं. एक माणूस ओरडत होता. त्याच्या मागे करवतीने तारा कापाव्यात तसा आवाज, आणि त्याच्याही मागे ढोल. ओरडत होता ते इंग्रजीत. मला वाटलं, हायवेवर अपघात झाला. सोनीला उचलून मी बाहेर आले, तर शेजारची काकू निवांत दात घासत होती.

"घाबरू नको वं," ती म्हणाली, "आप्पानी आरती चालू व्हयनी."

खरंच ती आरतीच होती. आप्पा अंघोळ करून, ओल्या केसांनी, चपला उंबऱ्याबाहेर ठेवून आत बसायचे. समोर टेप, टेपखाली आवाज मोठा करायचं मशीन, आणि दोन्ही बाजूंना त्यांच्या कमरेइतके उंच दोन बॉक्स. मशीनला उदबत्ती. दसऱ्याला लोक दुकानातल्या हत्यारांची पूजा करतात, आप्पा बॉक्सना झेंडूची माळ घालायचे. कॅसेट लावली की ते पुढे सरकून एका बॉक्सला कपाळ टेकवायचे आणि एक बाजू संपेपर्यंत तसेच राहायचे. उठले की कपाळावर बॉक्सच्या जाळीचे ठिपके उमटलेले असायचे. ते ठिपके घेऊनच ते दुकान उघडायचे. नवीन ट्रकवाल्यांना वाटायचं, या माणसाला काहीतरी आजार आहे.

आप्पांना इंग्रजी येत नव्हतं. गाण्यांची खरी नावं त्यांना ठाऊक नव्हती, मलाही अजून ठाऊक नाहीत. त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक होतं 'पोळ्याचं गाणं', कारण त्यातला ढोल बैल उधळल्यासारखा पळायचा. एक 'मयतवालं'. एक 'सुनेचं', त्यात बाई गायची आणि मधेच गप्प व्हायची. आणि एक 'विहिरीवालं'. त्यात सुरुवातीला एकच तार वाजते, टप, टप, थेंब पडल्यासारखी. मग तो माणूस हळू आवाजात काहीतरी विचारतो. पुन्हा विचारतो. कुणी उत्तर देत नाही. शेवटी तो ओरडतो, आणि तो आवाज खोल विहिरीत टाकलेल्या हाकेसारखा फिरून त्याच्याकडेच येतो.

"देवले हाक मारी ऱ्हायना तो," आप्पा सांगायचे. "आपुन बी मारतस. पन आपुन लाजतस, हळूच मारतस. हाऊ लाजत नही."

त्यांचा एक पुतण्या नंदुरबारला कॉलेजात शिकायचा. एकदा तो आला, कान देऊन ऐकलं आणि हसत सुटला. म्हणाला, "आप्पा, तुम्ही ज्याला उदबत्ती लावता ना, ते गाडीचं गाणं आहे. माझी गाडी लई जोरात पळते, मी गाव सोडून चाललो, एवढंच म्हणतोय तो."

आप्पा कपाळ टेकवून होते, तिथूनच त्यांनी विचारलं, "गाडी चांगली शे ना त्यानी?"

"एकदम भारी."

"पंक्चर-बिंक्चर?"

"नाही हो."

"मंग रडस काब्रं?"

पुतण्याने ते गाणं परत पहिल्यापासून लावलं. दोघं दोन बॉक्सना टेकून बसले. मी चहा नेऊन ठेवला तर दोघांनाही पत्ता नाही.

ही गाणी आप्पांना कुठून मिळाली, ते मला काकूने आधी सांगितलं होतं. नंतर आप्पांनी स्वतः सांगितलं, तेव्हा ते अगदीच थोडक्यात होतं. त्यांची बायको गेली, तेव्हा तिला पोहोचवून आल्यावर आप्पा रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. त्या दिवशी आसामच्या पलीकडचा एक ट्रक टायर फुटून दुकानासमोर लागला. ड्रायव्हर डोंगराळ भागातला, बारीक डोळ्यांचा, हिंदीही मोडकीतोडकी. नवीन टायर येईपर्यंत तो केबिनमध्ये पडून राहिला, आणि केबिनमध्ये टेप चालू. आप्पा ट्रकखाली जॅक लावून पडलेले. वरून ते विहिरीवालं गाणं आलं.

"मन्हं रडनं त्यानी रडी लिधं," आप्पा म्हणाले. एवढंच.

जाताना त्या ड्रायव्हरने पिशवीभर कॅसेट त्यांच्या हातात दिल्या. का दिल्या, आप्पांनी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. ट्रकखालून वर आलेल्या माणसाचं तोंड पाहून दिल्या असतील.

माझंही तसंच झालं, म्हणून मला हे खरं वाटतं. सोनीच्या वडिलांच्या दहाव्याला मी घुंगटाआड नुसती बसून होते. रडायला हवं हे कळत होतं, येत नव्हतं. मी आधीच कमी बोलणारी. त्यानंतर माझा आवाज भाकरीचं पीठ मागण्यापुरता राहिला. पहिले काही महिने त्या सकाळच्या आवाजाने माझं डोकं उठायचं. मग एका सकाळी मी अंगणात भांडी घासत होते, ते गाणं सुरू झालं, टप, टप, आणि तो माणूस विचारायला लागला. तो ओरडला तेव्हा माझ्या हातातली राख तशीच राहिली आणि मी रडले. तोंडावर पदर घ्यायचंही सुचलं नाही. आवाज एवढा मोठा होता की माझं रडणं मलाच ऐकू येत नव्हतं. किती बरं वाटलं ते लिहिता येत नाही. आप्पा दारात आले, त्यांनी पाहिलं आणि परत फिरले. आतून म्हणाले, "गाणं सरस तवर रडी ले. मंग चहा ठेव."

त्या दिवसापासून मी त्यांना घाबरले नाही.

कुणीतरी त्यांना म्हणालं होतं, ही सगळी गाणी मोबाईलमध्ये येतात, कशाला हा पसारा? आप्पांनी मोबाईल कानाला लावून ऐकला आणि परत दिला. "कानमा ऱ्हास हाई. छातीले लागत नही." शिवाय कॅसेटमध्ये गाणं सुरू होण्याआधी जो सूं असा आवाज येतो, तो त्यांना हवा असायचा. म्हणायचे, आत येण्याआधी माणूस दारात श्वास घेतो, तसा गाणंही घेतं.

आता सोनीचं सांगते. सोनी शाळेत जायला लागली आणि घरी निरोप यायला लागले: लक्ष देत नाही, हाक मारली तरी बघत नाही, मागे पडेल. लहानपणापासून तिचे कान वाहायचे. आमच्याकडे कितीतरी पोरांचे वाहतात. तेल कोमट करून घालायचं, थांबतं. मीही तेच केलं. मला वाटलं, पोर माझ्यावर गेली, अबोल आणि जरा मंद.

पण सोनीला बॉक्सचं वेड होतं. आप्पा एका बॉक्सला कपाळ लावायचे, ती दुसऱ्याला दोन्ही तळहात लावून उभी राहायची आणि ढोलाबरोबर टाचा आपटायची. कधी चुकायची नाही. एके दिवशी आप्पांनी मशीनची दोन बटणं फिरवली. ढोलाची धडधड बंद झाली, नुसता वरचा आवाज राहिला: तारा आणि गाणारा, तोही जोरात. सोनीने हात काढले आणि गाणं संपलं असं समजून दाराकडे निघाली.

आप्पांनी टेप बंद केला. दुकानात बारीक पंक्चर पाण्यात बुडबुडे देत नाही, तेव्हा ते ट्यूब गालाजवळ धरून डोळे मिटायचे. तसं त्यांचं तोंड झालं. ते तिच्या पाठीमागे गेले आणि टायर उचकटायच्या लोखंडी टॉमीने रिमवर हळूच टक् केलं. मग जरा जोरात. मग आणखी जोरात. मी दचकले. सोनी आपल्या चपला शोधत होती.

"माय," आप्पा मला म्हणाले, "तुन्ही पोर ढ नही शे. तिले ऐकू येत नही."

मी म्हणाले, "गाणं तर ऐकते की, आप्पा."

"हातघाई ऐकस ती." हातांनी, कानांनी नाही.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी तेच सांगितलं. पडद्याला भोकं आहेत, आत सडायला लागलं आहे, ऑपरेशन लवकर करा. उशीर केला तर उरलंसुरलंही जाईल. सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड हवं, आणि माझं नाव सासरच्या कार्डावर. सासरचे ते देईनात. सुरतेच्या दवाखान्याने खर्च सांगितला तो ऐकून मी तिथल्या बाकावरून उठलेच नाही. आप्पा बरोबर होते. तेही बाकावर बसले. मग म्हणाले, "व्हई जाई."

चार दिवसांनी त्यांनी पैसे आणून दिले आणि त्याच दिवशी आम्ही सुरतेला निघालो. सोनीचं ऑपरेशन झालं, आधी एक कान, काही महिन्यांनी दुसरा. पहिल्या ऑपरेशनानंतर तिला घेऊन आले, पहाटे जाग आली आणि मी वाट बघत पडून राहिले. ताटली हलली नाही. हायवेवरून ट्रक जात होते तेवढेच.

मी आप्पांच्या दारात गेले. भिंतीशी बॉक्स नव्हते. फरशीवर दोन चौकोन राहिले होते, आजूबाजूच्या फरशीपेक्षा उजळ. मशीन नव्हतं, टेप नव्हता. आप्पा अंघोळ करून ओल्या केसांनी बसले होते, समोरच्या मोकळ्या भिंतीला उदबत्ती लावलेली. कॅसेट एका फडक्यात बांधून खुंटीला टांगल्या होत्या. नवापूरच्या एका डीजेवाल्याकडे त्यांनी सगळं गहाण ठेवलं होतं. दुकानातली मोठी हवेची टाकीसुद्धा.

"आप्पा, हे काय केलंत?"

"बॉक्सनी पोरना कान पकडा," ते म्हणाले, "तर बॉक्सनीच पैसा देवा." जणू बॉक्सशी त्यांचं तसं बोलणं झालं होतं.

गल्लीला बरं वाटलं. काकू म्हणाली, "आते जराशी झोप व्हई." पण थोड्याच दिवसांत तीच म्हणायला लागली की सकाळ झाल्यासारखी वाटत नाही. मला तर रोज उजाडताना ती शांतता छातीवर बसायची. डीजेवाल्याने सांगून ठेवलं होतं, पैसे आले तर सामान परत, पण फार दिवस थांबणार नाही. गिऱ्हाईक आलं तर विकून टाकेन. लग्नसराई आली की माझा जीव वर-खाली व्हायचा. हॉटेलातून आल्यावर मी नागलीचे पापड लाटायला लागले, बाजारच्या दिवशी विकायचे. जमतील तसे पैसे आप्पांकडे न्यायचे.

पहिल्यांदा नेले तेव्हा आप्पांनी ते मोजले नाहीत. एका कॅसेटची रिकामी डबी उघडली, नोटा गुंडाळून आत ठेवल्या, टक् करून बंद केली. मग म्हणाले, "आनि व्याज?"

माझं तोंड उतरलं. व्याजाचं बोलणं झालं नव्हतं.

"हाई पोळाना गाणानी डबी शे," त्यांनी डबी हलवून दाखवली. "म्हन."

"काय म्हणू?"

"गाणं. मशीन नही, टेप नही. तूच म्हन."

"मला येत नाही, आप्पा. ते इंग्रजी आहे."

"माले कोठे येस? नुसतं हूं हूं कर."

मी उठून गेले. खरंच गेले. खोलीत जाऊन बसले. परक्यांपुढे तर सोडाच, मी सोनीला अंगाईसुद्धा मनात म्हणायची. पण डबी त्यांनी ओट्यावर ठेवून दिली होती, आत उचलून नेली नव्हती, आणि मला वाटलं, व्याज दिलं नाही तर पैसे पोहोचल्यासारखे होणार नाहीत. परत गेले. भिंतीकडे तोंड करून हूं हूं केलं. ढोल चुकला. आप्पा म्हणाले, "बैल लंगडा व्हयना तुन्हा," आणि फरशीवर तळहाताने मला ताल धरून दिला.

मग तसंच पडलं. दर वेळी नवी डबी, नवं गाणं. 'मयतवालं' मला सोपं जायचं. 'सुनेचं' म्हणताना मधे गप्प व्हायचं असतं, त्यात तर मी हुशारच. काही दिवसांनी मी भिंतीकडे तोंड करणं सोडलं. भाकरी थापताना गुणगुणायला लागले, तेव्हा हॉटेलातला आचारी म्हणाला, "ताई, कोनता देवनं शे हाई?" मी म्हणाले, "आप्पांच्या." विहिरीवाल्या गाण्याची डबी मात्र आप्पा पुढे करायचे नाहीत. ती फळीवर वेगळी ठेवलेली.

त्या वर्षी होळीला आप्पा आम्हाला काठी गावाला घेऊन गेले. ते दर वर्षी जायचे, सातपुड्यात, कुणीही नातेवाईक नसताना, फक्त ढोलासाठी. तिथे ज्यांनी मानता, म्हणजे नवस, घेतलेली असते ते अंगावर राखेचे ठिपके काढतात, कमरेला घुंगरं-भोपळे बांधतात आणि ढोलावर नाचतात. त्याआधी कितीतरी दिवस खाटेवर बसायचं नाही, खाली झोपायचं, अशी पाळणूक. आप्पा मोठ्या ढोलासमोर डोळे मिटून उभे राहिले. मला म्हणाले, "देख. मन्हा टेपमातला ढोलवाला आनि हाऊ, एकच शेतस. दोन्ही मानता फेडतस."

मी पैशांच्या विचारात होते. म्हणाले, "माझं कधी फिटायचं, आप्पा?"

त्यांनी त्या राख फासलेल्या माणसांकडे हात केला. "यासनी तोंडं देख. फेडनारा रडस का कोठे? फेडनारा नाचस."

सोनी माझा पदर ओढत होती. ढोल तिला आधीही हाताने कळत होता. पण ती ढोलाकडे बघत नव्हती. ती एका नाचणाऱ्याच्या घुंगरांकडे बघत होती. "माय," ती म्हणाली, "हाई बारीक बारीक काय वाजस?"



गेल्या महिन्यात आप्पांनी फळीवरची शेवटची डबी खाली काढली. मी नोटा आत ठेवल्या आणि व्याजासाठी घसा खाकरला, तर ते म्हणाले, "आठे नही. नवापूरले."

आम्ही तिघं टेम्पो घेऊन गेलो. डीजेवाल्याचं दुकान बाजारातच, समोर भाजीवाले, बाजूला चहा. हवेची टाकी त्याने आधीच बाहेर काढून ठेवली होती. आप्पांचे बॉक्स तो दाराशी घेऊन आला आणि आप्पा बघतच राहिले. त्याने त्यांना जांभळा रंग दिला होता, कडेने लुकलुकणारे दिवे लावले होते. लग्नात वापरले असणार.

"नवरदेव करी दिधा रे मन्हा महाराजले," आप्पा म्हणाले.

"दिव्यासना पैसा नही लेत, आप्पा," तो हसला. "वाजाडी दाखाडू? चालू शे का नही, खात्री करी ल्या." त्याने मशीन जोडलं आणि माईक काढला. "हॅलो, हॅलो" करून तो माईक त्याने आप्पांपुढे धरला. आप्पांनी तो माझ्या हातात दिला.

"व्याज बाकी शे," ते म्हणाले.

भर बाजार. एक म्हातारी कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन उभी. मी आप्पांकडे पाहिलं, तर ते चपला काढून बॉक्सला कपाळ टेकवून उभे राहिलेले, जांभळा असला तरी. मी डोळे मिटले. थेंब पडतात तसं, टप, टप, ओठांनी केलं. ते समोरच्या पत्र्यावर आपटून आलं. मग त्याच्यासारखं हळू विचारलं. शब्द कुठलेच नव्हते. पुन्हा विचारलं. आणि मग जिथे तो ओरडतो, तिथे मी ओरडले. सोनीच्या वडिलांना, सुरतेच्या त्या बाकाला, कुणाला ते माहीत नाही. आयुष्यात एवढा आवाज माझ्यातून कधी आला नव्हता. तो सगळ्या बाजारावरून फिरून माझ्याकडे आला.

"माय!" सोनीने दोन्ही कानांत बोटं घातली होती. "हळू ना वं! माले ऐकू येस!"

कोथिंबीरवाली आधी हसली. मग चहावाला. मग मीही. आप्पांनी कपाळ उचललं, ठिपके उमटले होते, आणि त्यांनी डोळे शर्टाच्या बाहीने पुसले. दुकान उघडताना पुसतात तसे, घाईने.

डीजेवाला म्हणाला, "पैसाना काय?"

मी पिशवी उघडून डब्या एकेक करून टेबलावर ठेवल्या. त्याला कळेना, कॅसेट कशाला देते. पहिली उघडून दाखवली, तेव्हा तो नोटा काढायला लागला. माईक अजून माझ्या दुसऱ्या हातात होता, बंद करायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. मी म्हणाले, आणि ते भाजीबाजारापासून पार स्टँडकडे सगळ्यांना ऐकू गेलं:

"मोजी ल्या, भाऊ. पुरा शेतस."

त्याने मोजले. पुरे होते.